वरचा रिकामा ट्रॅक

व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्या कोणाच्याही टाइमलाइनवर एक नजर टाका. तळाला मुख्य कॅमेरा, त्याच्यावर दुसरा कॅमेरा, मग कोणीतरी मोबाइलवर काढलेले सटरफटर शॉट्स, त्यावर लोगो, त्यावर नावं. पाच-सहा मजली चाळच म्हणा ना. आणि या चाळीच्या गच्चीवर बऱ्याचदा एक पट्टी आडवी पसरलेली दिसते, जिच्यात काहीच नसतं. ना चित्र, ना आवाज. पण तिच्यावर रंगाचा एखादा इफेक्ट टाकला की खालच्या सगळ्या बिऱ्हाडांचा रंग एका झटक्यात बदलतो.

हिला म्हणतात ॲडजस्टमेंट लेअर. (रिझॉल्व्हमध्ये ॲडजस्टमेंट क्लिप.) माझ्यासारख्या कोडवाल्याला ही पट्टी बघून पहिल्यांदा वाटतं, हे तर आपल्याच बिरादरीतल्या कोणाचं तरी डोकं. एक फंक्शन लिहायचं आणि सगळ्या इनपुटवरून फिरवायचं. पण जरा खणायला लागलं की कळतं, ही कल्पना आपल्या बिरादरीच्या कितीतरी आधीची आहे. आणि तिच्याबरोबर एक जुना वादही चालत आलाय. रंग एकेका शॉटचा ठरवायचा की सगळ्यांचा एकदम? आणि एकदम ठरवायचा, तर 'बरोबर' कोणाच्या चेहऱ्यावरून ठरवायचं?

तर सुरुवात करू ॲनिमेशनपासून, कारण थर ही भानगड तिथे अक्षरशः हातात धरता यायची. १९३० च्या दशकात कार्टून फिल्म बनायची ती पारदर्शक सेल्युलॉइडच्या शीटवर, म्हणजे 'सेल'वर. एका सेलवर उंदीर, दुसऱ्यावर मांजर, सगळ्यात खाली रंगवलेला देखावा. सगळं एकावर एक ठेवायचं, वरून कॅमेऱ्याने एक फ्रेम टिपायची. आजच्या ट्रॅक्सचे हे थेट आजोबा. गोची अशी की सेल पूर्ण पारदर्शक नसतो, थोडा प्रकाश खातोच. त्यामुळे वरचा उंदीर एका शॉटमध्ये दोन थर खाली गेला की तो किंचित काळवंडून दिसायचा. प्रेक्षकाला नेमकं काय बिघडलं ते सांगता यायचं नाही, पण रंग उडी मारायचा. उपाय काय? खालच्या थरासाठी तोच रंग थोडा उजळ करून घोटायचा. म्हणजे एकाच उंदराच्या एकाच राखाडी रंगाच्या थराप्रमाणे वेगवेगळ्या छटा. प्रत्येक ट्रॅकचं वेगळं कलर करेक्शन, तेही ब्रश आणि रंगाच्या डब्यांनी!

आता खऱ्या माणसांच्या सिनेमाकडे येऊ. निगेटिव्हवरून प्रिंट काढताना कोणत्या शॉटला किती प्रकाश द्यायचा हे ठरवणारा एक माणूस लॅबमध्ये असायचा. अमेरिकेत त्याला टाइमर म्हणत, ब्रिटनमध्ये आणि आपल्याकडे ग्रेडर. टाइमर हे नाव मूकपटांच्या काळातलं, जेव्हा फिल्म रसायनात किती वेळ ठेवायची हेच त्याच्या हातात होतं. पुढे वेळ ठरलेली राहिली आणि बदलायचा राहिला तो प्रकाश. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

रंगीत फिल्मसाठी हे जे यंत्र रूढ झालं ते मला फार देखणं वाटतं. पांढरा प्रकाश खास आरशांनी लाल, हिरवा, निळा असा तीन वाटांत फोडायचा. प्रत्येक वाटेवर एक झडप. झडप किती उघडायची याचे १ ते ५० असे अंक, ज्यांना प्रिंटर पॉइंट म्हणतात. मग तिन्ही प्रकाश पुन्हा एकत्र करून निगेटिव्हमधून कोऱ्या प्रिंटवर सोडायचे. साधारण व्यवस्थित चित्रित झालेला शॉट मध्यावर, म्हणजे २५-२५-२५ वर यायचा. सगळं उलटं चालायचं हे लक्षात ठेवा. लाल प्रकाश वाढवला की प्रिंट लाल होत नाही, ती लालपासून दूर, निळ्या-हिरव्याकडे सरकते.

इथे एक गंमत. एक पॉइंट म्हणजे प्रकाशात साधारण ६ टक्क्यांचा फरक, आणि १२ पॉइंट म्हणजे बरोबर दुप्पट. आता हार्मोनियम आठवा. एका सप्तकात १२ पट्ट्या, आणि १२ पट्ट्या चढून गेलं की कंपनसंख्या दुप्पट. गणित एकच, दोनाचं बारावं मूळ. लॅबमधला ग्रेडर शॉट पडद्यावर बघून 'दोन पॉइंट लाल, एक निळा' असं सांगायचा, ते गवयाने 'अर्धा सूर चढव' म्हणण्यासारखंच होतं. कान तयार करतात तसे हे डोळे तयार केलेले लोक.

आणि हे अंक यंत्राला कळवायचे कसे? तर कागदी पट्टीला भोकं पाडून! फिल्म पुढे सरकत शॉट बदलला की यंत्र पट्टीवरचे पुढचे तीन अंक वाचायचं आणि झडपा खटाखट नव्या जागी जायच्या. आमच्या क्षेत्रातले बुजुर्ग पंच्ड टेपच्या गोष्टी सांगतात ना, तीच. अख्ख्या सिनेमाचा रंग एका भोकं पाडलेल्या कागदात मावायचा.

मग ट्रॅक कुठून आले? ते आले ए रोल आणि बी रोलमधून. १६ मिलिमीटर फिल्मवर दोन शॉट्सचा सांधा पडद्यावर दिसायचा. तो लपवण्यासाठी युक्ती अशी, की पहिला शॉट ए रोलवर, दुसरा बी रोलवर, तिसरा पुन्हा ए वर. मधल्या जागी काळी फिल्म. बुद्धिबळाचा पटच. कोरी प्रिंट आधी ए रोलबरोबर यंत्रातून न्यायची, मग त्याच जागेवरून बी रोलबरोबर. एका दृश्यातून दुसऱ्यात हळूच विरघळायचं असेल, तर दोन्ही रोलवर शॉट्स एकमेकांवर चढवायचे, एकाचा प्रकाश कमी करत न्यायचा, दुसऱ्याचा वाढवत. प्रत्येक शॉट स्वतःचे तीन अंक घेऊनच त्या मिश्रणात उतरायचा. म्हणजे करेक्शन आधी, मिश्रण नंतर.

आणि तरीही 'सगळ्यांवर एकदम' हा प्रकार तेव्हाही होताच. त्याला ट्रिम म्हणत. कोऱ्या प्रिंट स्टॉकची नवी खेप आली, दिवा बदलला, की सगळ्या शॉट्सचे अंक पुन्हा ठरवत बसायचं नाही. यंत्राचाच एक सर्वसाधारण आकडा दोन-तीन घरं सरकवायचा. एकेका शॉटचा निर्णय कागदी पट्टीवर, सगळ्यांचा मिळून यंत्राच्या ट्रिमवर. दोन गोष्टी वेगळ्या ठेवलेल्या. आज ज्याला आम्ही 'सेपरेशन ऑफ कन्सर्न्स' असं भारदस्त नाव देतो, ते लॅबमधल्या लोकांनी मुकाट्याने करून ठेवलं होतं. वरच्या रिकाम्या ट्रॅकचं मूळ मला या ट्रिममध्ये दिसतं.

पण कुठलंही करेक्शन नोंदवलेल्या माहितीपलीकडे जाऊ शकत नाही, आणि याचं एक उदाहरण आपल्या घरचं आहे. प्रभातने १९३३ मध्ये 'सैरंध्री' रंगात काढायचं धाडस केलं. चित्रण कोल्हापुरात, पण रंगीत प्रक्रियेची सोय इथे नव्हती, म्हणून व्ही. शांताराम निगेटिव्ह घेऊन थेट जर्मनीला गेले. पद्धत बायपॅक, म्हणजे दोन फिल्म्स एकमेकींना चिकटवून कॅमेऱ्यात चालवायच्या आणि तीनऐवजी दोनच रंगांची नोंद घ्यायची. निकाल मनासारखा आला नाही. त्यानंतरचे 'अमृतमंथन' (१९३४) किंवा 'संत तुकाराम' (१९३६) आपण कृष्णधवलच बघतो. तिसऱ्या रंगाचा डेटाच नाही म्हटल्यावर जगातला सर्वोत्तम ग्रेडर तरी काय करणार? शांतारामांचा रंगाचा हट्ट पुढे १९५५ च्या 'झनक झनक पायल बाजे'मध्ये टेक्निकलरने पुरा झाला, तो भाग वेगळा.

असो. पुढे आली व्हिडिओ टेप. ए आणि बी रोल इथेही टिकले, फक्त आता ते दोन टेप मशीन झाले. दोन्हींचं चित्र एका स्विचरमध्ये जायचं आणि तिसऱ्या मशीनवर रेकॉर्ड व्हायचं. प्रत्येक मशीनमागे एक डबा, टाइम बेस करेक्टर. त्यावर साधारण चार खुंट्या असत: चित्राची पातळी, काळ्याची पातळी, रंगाचा जोर आणि रंगाची छटा. टेपच्या सुरुवातीला जे उभे रंगीत पट्टे दिसायचे (दूरदर्शनवर कार्यक्रमांच्या आधी बघितलेत की आपण!), ते या खुंट्या जुळवण्यासाठीच. इथे एक नवी पातळी तयार झाली. करेक्शन एकेका शॉटचं नाही, सगळ्यांचंही नाही, तर एका मशीनचं. म्हणजेच एका ट्रॅकचं.

म्हणून १९९१ मध्ये ॲडोबीचं प्रीमिअर आलं तेव्हा त्याच्या टाइमलाइनवर काय होतं? व्हिडिओ ए, व्हिडिओ बी आणि दोघांच्या मधे ट्रान्झिशनची पट्टी. कंप्युटरला ए-बीची काही गरज नव्हती, पण माणसांना सवय होती. सॉफ्टवेअरमध्ये जुनी यंत्रं अशी भुतासारखी राहतात. ही ए-बी रचना गेली ती २००३ च्या प्रीमिअर प्रोमध्ये. तिकडे सॉनिक फाउंड्रीचं वेगास मुळात ऑडिओवाल्यांचं. २००० मध्ये त्यात व्हिडिओ आला, तेव्हा त्यांनी साउंड मिक्सरचीच रचना उचलली. एका तुकड्यावर इफेक्ट, अख्ख्या ट्रॅकवर इफेक्ट, किंवा शेवटच्या आउटपुटवर इफेक्ट. ॲव्हिड वापरणारे वरच्या ट्रॅकवरच्या रिकाम्या जागेवरच इफेक्ट टाकायचे आणि तो खालच्या सगळ्यांना लागायचा.

'ॲडजस्टमेंट लेअर' हे नाव मात्र फोटोवाल्यांकडून आलं. फोटोशॉपमध्ये १९९४ साली लेअर आले आणि १९९६ च्या चौथ्या आवृत्तीत ॲडजस्टमेंट लेअर. त्याआधी फोटोचा रंग बदलला की मूळ पिक्सेल बदलले, संपला विषय. आता बदल हा वेगळा कागद झाला. हवा तेव्हा उचला, हवा तेव्हा ठेवा. तिथून आफ्टर इफेक्ट्समध्ये, २०१२ मध्ये प्रीमिअर प्रो सीएस६ मध्ये आणि २०१९ मध्ये रिझॉल्व्ह १६ मध्ये ही पट्टी आली.

आता जरा इंजिनिअरिंग (घाबरू नका, थोडंच आहे). करेक्शन आधी आणि मिश्रण नंतर, किंवा मिश्रण आधी आणि करेक्शन नंतर, फरक काय पडतो? काळा म्हणजे ०, पांढरा म्हणजे १ धरा. दोन ट्रॅक, एक पूर्ण काळा, एक पूर्ण पांढरा, अर्धे-अर्धे मिसळले. करेक्शन म्हणून आकड्याचा वर्ग करायचा, म्हणजे चित्र गडद करायचं. आधी करेक्शन केलं तर ० चा वर्ग ०, १ चा वर्ग १, मिश्रण ०.५. आधी मिसळलं तर ०.५, आणि त्याचा वर्ग ०.२५. तेच शॉट, तेच करेक्शन, आणि प्रकाश निम्मा! करेक्शन नुसतं गुणाकाराचं असेल तर दोन्हीकडून उत्तर एकच येतं. गॅमा किंवा वक्ररेषा आली की क्रम महत्त्वाचा होतो. एका दृश्यातून दुसऱ्यात विरघळताना मधेच चित्र का काळवंडतं, याचं उत्तर पुष्कळदा इथे सापडतं.

दुसरी मेख ८ बिटची. आकडे ० ते २५५. खालच्या क्लिपवर कोणी उजेड दुप्पट केला, तर २०० चे ४०० होत नाहीत, २५५ वर डोकं आपटतं. २४० चंही तेच. नंतर वरच्या पट्टीवर उजेड निम्मा केला की दोघेही १२७. ढग आणि आकाश यांत फरक होता, तो गेला, कायमचा. फ्लोटिंग पॉइंटमध्ये गणित करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हे टळतं, पण मधला एखादा इफेक्ट जुना ८ बिटवाला निघाला की पुन्हा तेच.

या सगळ्या खटाटोपाला एक सामाईक भाषा दिली ती अमेरिकन सोसायटी ऑफ सिनेमॅटोग्राफर्सने, सीडीएल या नावाने. फक्त दहा आकडे. तिन्ही रंगांसाठी एक गुणक, एक बेरीज, एक घात, झाले नऊ. दहावा आकडा रंगाच्या जोराचा. कॅमेरामनने सेटवर ठरवलेला रंग दुसऱ्या शहरातल्या, दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर तसाच उतरावा म्हणून. कागदी पट्टीवरचे तीन आकडे दहा झाले, एवढंच.

मोठी उडी पडली २००० मध्ये. कोएन बंधूंचा 'ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाउ?' मिसिसिपीत ऐन उन्हाळ्यात चित्रित झाला, म्हणजे झाडं हिरवीगार. हवा होता जुन्या, धुळकट फोटोचा सुकलेला पिवळा. कॅमेरामन रॉजर डीकिन्स यांनी लॅबमधले रासायनिक उपाय तपासून पाहिले, पण लॅबमध्ये तीनच झडपा. हिरवा कमी करायचा तर पानांबरोबर माणसांचाही होणार. शेवटी अख्खी फिल्म स्कॅन केली, कंप्युटरवर नेमकी पानंच पिवळी केली आणि पुन्हा फिल्मवर उतरवली. संपूर्ण चित्रपटाचं असं डिजिटल ग्रेडिंग झालेल्या अगदी पहिल्या चित्रपटांपैकी हा. त्या तीन झडपांचं राज्य इथून ओसरायला लागलं.

तरीही हे यंत्र श्रीमंतांचंच होतं. १९८४ मध्ये फ्लोरिडात सुरू झालेल्या दा विंची कंपनीच्या यंत्रणा लाखो डॉलरच्या. २००९ मध्ये ब्लॅकमॅजिक डिझाइनने ती कंपनी विकत घेतली, २०१० मध्ये मॅकसाठी नुसतं सॉफ्टवेअर ९९५ डॉलरला काढलं आणि २०११ मध्ये एक आवृत्ती चक्क फुकट. आज तालुक्याच्या गावात लग्नाचे व्हिडिओ करणारा पोरगा तेच सॉफ्टवेअर वापरू शकतो, जे हॉलिवुडच्या मोठ्या स्टुडिओत चालतं. आपल्या क्षेत्रात किमती पडल्याच्या गोष्टी खूप आहेत, पण इतकी सुरेल गोष्ट क्वचित.

मग आता अडचण काय उरली? उरली ती वर म्हटलेली. 'बरोबर' कोणाच्या चेहऱ्यावरून?

लॅबच्या काळात रिळाच्या सुरुवातीला काही फ्रेम्स एका तरुणीच्या असायच्या, शेजारी राखाडी पट्टे. प्रेक्षकांना ती कधीच दिसायची नाही. तिचं कुठेच नाव नसायचं. लॅबमध्ये तिला 'चायना गर्ल' म्हणत. तिची त्वचा नीट दिसली की प्रक्रिया ठीक. फोटो स्टुडिओंमध्ये कोडॅकची अशीच कार्डं होती, 'शर्ली कार्ड'. दोन्हीकडच्या बायका जवळपास नेहमी गोऱ्या. कॅनडातल्या अभ्यासक लॉर्ना रॉथ यांनी २००९ मध्ये यावर सविस्तर लिहिलं. त्यातली मला चटका लावणारी गोष्ट ही, की गडद तपकिरी छटा फिल्मवर नीट येत नाहीत ही तक्रार कोडॅकपर्यंत परिणामकारकपणे पोचवली ती चॉकलेट बनवणाऱ्या आणि लाकडी फर्निचर बनवणाऱ्या कंपन्यांनी. माणसांच्या चेहऱ्यांनी जे झालं नाही ते कपाटांनी करून दाखवलं.

ही केवळ फिल्मच्या जमान्यातली गोष्ट नाही. वेक्टरस्कोप नावाच्या मापकावर त्वचेच्या छटेची एक तिरकी रेघ असते. गोरा असो की काळा, बहुतेक माणसांची त्वचा त्या रेघेच्या आसपासच येते, कारण सगळ्यांच्या कातडीखाली तेच रक्त. फरक असतो तो उजेडात. म्हणजे छटा जुळवायचा एकच नियम सगळ्यांना चालतो, पण उजेड ठरवायचा एकच आकडा सगळ्यांना चालत नाही. आणि वरच्या पट्टीवर आपण टाकतो तो नेमका एकच आकडा. नवरीच्या मेकअपवर उजेड बसवला की मागे उभी असलेली सावळी मामेबहीण अंधारात जाते. तिच्या चेहऱ्याचे डोळे-नाक वेगळे ओळखू येत नाहीत, आणि अल्बममध्ये ती आयुष्यभर तशीच राहते.

ऑटो करेक्शनचीही तीच कथा. बरेच जुने अल्गोरिदम असं गृहीत धरतात की चित्राची सरासरी राखाडी येते. आता द्या त्याला हळदीचा कार्यक्रम! पिवळी साडी, पिवळी फुलं, पिवळे गाल. बिचारं समजतं की दिवा पिवळा आहे, आणि निळा ओतून हळद धुऊन टाकतं. गणित चोख, गृहीतक चुकीचं. बग रिपोर्टच्या भाषेत 'वर्क्स ॲज डिझाइन्ड' :-)

त्यामुळे जुन्या ग्रेडर मंडळींचा क्रमच मला अजून शहाणपणाचा वाटतो. आधी खाली उतरून एकेक शॉट शेजारच्या शॉटशी जुळवायचा. दोन कॅमेरे असतील तर त्या त्या ट्रॅकची खोड काढायची. ते झाल्यावरच वरच्या पट्टीवर सगळ्यांचा मिळून रंग चढवायचा, आणि तोही जपून. नावं आणि लोगो त्या पट्टीच्याही वर ठेवायचे, नाहीतर पांढरी अक्षरं काविळ झाल्यासारखी दिसतात. आणि रेंडरचं बटण दाबण्याआधी टाइमलाइनवरचा सगळ्यात सावळा चेहरा शोधून तिथे एक मिनिट थांबायचं. तो नीट दिसत असेल तर बाकीचे दिसतातच.